हजेरी वर गेली, जबाबदारी खालीच राहिली

८ जुलै २०२५ रोजी केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना एक परिपत्रक धाडले. त्याची भाषा सरकारी परिपत्रकांची असते तशीच कोरडी होती. आशय मात्र एखाद्या प्रहसनाला शोभेल असा होता. ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी घेण्यासाठी जी मोबाइल प्रणाली सक्तीची करण्यात आली, तिच्यावर कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढवली जात आहेत, असे मंत्रालयाला आढळले होते. काही ठिकाणी मजुरांचे छायाचित्र काढण्याऐवजी आधीच्या छायाचित्राचेच छायाचित्र काढले जात होते. एकच चित्र अनेक हजेरीपटांना जोडले जात होते. पटावर जितके पुरुष आणि जितक्या स्त्रिया, तितके चित्रात दिसत नव्हते. आणि दुपारचे छायाचित्र कित्येकदा चढवलेच जात नव्हते. यावर मंत्रालयाने सुचवलेला उपाय असा : ग्रामपंचायतीने प्रत्येक छायाचित्र डोळ्यांनी तपासून पाहावे, आणि तालुका, जिल्हा व राज्य पातळीवरील अधिकाऱ्यांनी त्यातील ठरावीक हिस्सा पुन्हा तपासावा.

माणसांवर विश्वास नाही म्हणून यंत्र आणले. यंत्रावर विश्वास उरला नाही म्हणून त्याच्यावर पुन्हा माणसे बसवली. यावर दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटल्या. खालचे लोक इतके बनेल आहेत की ते कोणत्याही यंत्राला पुरून उरतात, ही एक. आणि तंत्रज्ञान आपल्या खेड्यापाड्यांत चालायचेच नाही, ही दुसरी. दोन्हींत थोडेफार तथ्य असेलही. परंतु या दोन्हींच्या मागे एक अधिक महत्त्वाचा प्रश्न दडून राहतो. एखाद्या संस्थेत संगणक किंवा मोबाइल येतो, तेव्हा तो केवळ काम वेगवान करत नाही. निर्णय कोणी घ्यायचा, चूक कोणी दुरुस्त करायची आणि उशीर कोणाच्या नावावर मांडायचा, याची वाटणीही तो नव्याने करतो. भारतातील गेल्या चार दशकांचा अनुभव पाहिला, तर ही वाटणी बहुधा एकाच पद्धतीने झालेली दिसते : माहिती वर जाते, तिच्यामागोमाग अधिकारही वर जातो; जबाबदारी तेवढी खाली राहते.

याच हजेरी प्रणालीचे उदाहरण घ्या. मे २०२१ मध्ये ती प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. मे २०२२ पासून वीस किंवा अधिक मजूर असलेल्या कामांवर आणि १ जानेवारी २०२३ पासून जवळजवळ सर्वच कामांवर ती सक्तीची झाली. त्यापूर्वी हजेरी कागदी पटावर होई. पट कामावरच्या मुकादमाकडे, म्हणजे सरकारी भाषेतल्या ‘मेट’कडे, असे. नाव चुकले, कोणी उशिरा आले, एखादी बाई मुलाला ताप आला म्हणून दुपारीच परतली, तर त्याचा निवाडा तिथल्या तिथे होई. त्यात खोटेपणाला भरपूर वाव होता, हे कोणीही अमान्य करणार नाही. नव्या व्यवस्थेत दिवसातून दोनदा, ठिकाण व वेळ यांची मोहोर असलेले छायाचित्र चढवावे लागते. ते चढले नाही तर? नेटवर्क नव्हते, फोन बिघडला, सर्व्हर बंद होता, तर? अशा अपवादात्मक परिस्थितीत हाताने हजेरी नोंदवण्याची मुभा द्यायचा अधिकार ठेवला गेला जिल्हा कार्यक्रम समन्वयकाकडे, म्हणजे बहुतेक राज्यांत जिल्हाधिकारी किंवा तत्सम अधिकाऱ्याकडे. काल खड्डा खणला की नाही, हे ज्या मेटने स्वतः पाहिले, तिच्या शब्दाला किंमत उरली नाही. ज्याने काहीच पाहिले नाही, त्याच्या संमतीला मात्र ती आली. आणि हजेरी बुडालेल्या मजूर बाईने दाद मागायची ती पुन्हा मेटकडेच, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचे एसटीचे भाडे एका दिवसाच्या मजुरीचा मोठा लचका तोडते.

ही रचना अपघाताने आलेली नाही. तिची पाळेमुळे आपल्या सर्वांत यशस्वी संगणकीकरणात, म्हणजे सार्वजनिक बँकांच्या संगणकीकरणात सापडतात. १९८३ साली रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा कर्मचारी संघटनांचा विरोध इतका तीव्र होता की ‘संगणक’ हा शब्दसुद्धा जपून वापरावा लागे. त्या काळी शाखांमध्ये आलेल्या यंत्रांना खातेवही भरणारी यंत्रे म्हटले गेले, ते उगीच नव्हे. पुढे दीड दशक हे काम रेंगाळले. त्याला निर्णायक धक्का दिला तो बँकांच्या व्यवस्थापनाने नव्हे, तर केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी. प्रत्येक बँकेने आपला सत्तर टक्के व्यवसाय १ जानेवारी २००१ पूर्वी संगणकावर आणावा, असा आदेश त्यांनी काढला, आणि तो काढला भ्रष्टाचार प्रतिबंधाचा उपाय म्हणून. हा तपशील सहसा विसरला जातो. ग्राहकाची सोय हा नंतरचा लाभ. संगणकाला आपल्या सार्वजनिक संस्थांत प्रवेश मिळाला, तो बऱ्याच अंशी पहारेकरी म्हणून.

त्यानंतर ‘कोअर बँकिंग’ आले. २००८ च्या सुमारास स्टेट बँकेच्या सर्व शाखा एका मध्यवर्ती प्रणालीला जोडल्या गेल्या. खाते शाखेचे राहिले नाही, बँकेचे झाले. नवी मुंबईतील बेलापूरच्या माहिती केंद्रात त्याची नोंद राहू लागली आणि ग्राहकाला देशात कुठूनही पैसे काढता येऊ लागले. ही फार मोठी सुधारणा होती आणि तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. पण त्याच काळात कर्जाचे अर्ज तपासण्याचे काम शाखांकडून काढून शहरांतील मध्यवर्ती प्रक्रिया केंद्रांकडे गेले. ज्या शाखाधिकाऱ्याला कोणता दुकानदार उधारी चुकती करतो आणि कोणाच्या विहिरीला पाणी आहे हे ठाऊक असे, त्याचे ज्ञान निरुपयोगी ठरले. त्याच्याकडे उरले ते वसुलीचे उद्दिष्ट आणि विमा पॉलिसी विकण्याचे उद्दिष्ट. कर्ज कोणाला द्यायचे हे दुसऱ्याने ठरवायचे आणि ते थकले तर स्पष्टीकरण शाखेने द्यायचे, हा अनुभव आज सार्वजनिक बँकेतील कोणताही अधिकारी खासगीत सांगेल.

आणि पहाऱ्याचे काय झाले? फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेने मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतील सुमारे ११,४०० कोटी रुपयांचे संशयास्पद व्यवहार उघड केले. त्यातील मर्म तांत्रिक असले तरी समजायला सोपे आहे. परदेशी बँकांना हमीचे संदेश पाठवणारी ‘स्विफ्ट’ प्रणाली आणि बँकेची स्वतःची कोअर बँकिंग प्रणाली या दोन्ही एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. हमी एका यंत्रावरून जगभर गेली आणि दुसऱ्या यंत्रात तिचा मागमूस राहिला नाही. वरून पाहणाऱ्या साऱ्या डोळ्यांना पडदा स्वच्छ दिसत होता. या धोक्याविषयी ऑगस्ट २०१६ पासून किमान तीन वेळा बँकांना सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितले. ज्या अधिकाऱ्यावर मुख्य आरोप झाला, तो बदल्यांचे नियम असतानाही वर्षानुवर्षे त्याच शाखेत होता. बदलीचा नियम हा जुन्या, कागदी काळातील पहारा. नवा पहारा आला म्हणून जुन्याकडे कोणी पाहिले नसावे, अशी शंका घेण्यास जागा आहे. पडद्यावर जे दिसत नाही ते अस्तित्वातच नाही, अशी संस्थेची समजूत झाली की अशी छिद्रे वर्षानुवर्षे मोकळी राहतात.

तंत्रज्ञानाने अधिकारांची वाटणी उलट दिशेनेही होऊ शकते. बिहारमध्ये तसा प्रयत्न झाला, आणि त्याची हकीकत बोलकी आहे. २०१२ साली तेथील काही जिल्ह्यांत रोजगार हमीच्या निधीची वाट बदलण्यात आली. पूर्वी पंचायतीने अंदाजाने आगाऊ रक्कम मागायची आणि ती जिल्हा व प्रखंड कार्यालयांच्या सह्यांच्या पायऱ्या उतरत खाली यायची, अशी रीत होती. नव्या पद्धतीत पंचायतीने प्रत्यक्ष काम केलेल्या मजुरांची नावे व रक्कम संगणकात भरायची आणि तेवढेच पैसे थेट उचलायचे. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारच्या सहकार्याने या प्रयोगाचा अभ्यास केला. योजनेवरील खर्च २४ टक्क्यांनी घटला. मजुरांना प्रत्यक्षात मिळालेल्या कामात मात्र घट आढळली नाही. याचा अर्थ वाचकांना उलगडून सांगण्याची गरज नाही. गंमत अशी, की ही पद्धत २०१३ च्या वसंतातच गुंडाळली गेली. ज्यांच्या सह्यांवाचून सारे चालू शकते हे सिद्ध झाले, त्या मधल्या फळीला ती रुचण्याचे कारणच नव्हते. पैसे गरजेपुरते व गरज निर्माण झाल्यावर द्यायचे, हे तत्त्व पुढे राष्ट्रीय पातळीवर स्वीकारले गेले; परंतु तेव्हा कळ गेली ती दिल्लीच्या हाती.

त्याचा परिणाम मजुरीच्या विलंबात दिसला. कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत मजुरी मिळायला हवी. न मिळाल्यास दर दिवसामागे ०.०५ टक्के भरपाई द्यायची. मजुरीचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. काम संपल्यापासून निधी हस्तांतरणाचा आदेश तयार होईपर्यंतचा पहिला टप्पा राज्याच्या यंत्रणेचा. आदेश वर गेल्यावर मजुराच्या खात्यात पैसे पडेपर्यंतचा दुसरा टप्पा केंद्राचा. आता संगणकाने विलंबाची गणना कुठवर करावी? ती केली जात होती केवळ पहिल्या टप्प्यापुरती. आदेश तयार झाला की घड्याळ थांबायचे. त्यानंतर पैसे दिल्लीत दोन महिने अडकले, तरी पडद्यावर मजुरी ‘वेळेत’ दिलेली दिसायची. राजेंद्रन नारायणन आणि त्यांच्या सहसंशोधकांनी हजारो व्यवहार तपासून हे दाखवून दिले. अखेर १८ मे २०१८ रोजी स्वराज अभियानाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की दुसऱ्या टप्प्यातील विलंबाची जबाबदारी केंद्राला झटकता येणार नाही.

या प्रकरणावर जरा थांबायला हवे. इथे कोणी आकड्यांत फेरफार केली नव्हती, प्रणाली बिघडलेलीही नव्हती. आज्ञावली जशी लिहिली तशीच ती चालत होती. प्रश्न इतकाच होता, की घड्याळ कोणी लावले आणि कोणावर लावले. ग्रामसेवकाचा, रोजगार सेवकाचा, तालुक्याच्या लेखापालाचा प्रत्येक दिवस मोजला जात होता. ज्यांनी हे घड्याळ बनवून घेतले, त्यांचे दिवस त्याच्या तबकडीवरच नव्हते. कागदी कारभारात वरिष्ठांचा विलंब निदान फाइलवरच्या तारखांत तरी उमटत असे.

नजर ठेवण्याचे यंत्र आणून वरिष्ठांची इच्छाशक्ती आणता येत नाही, याचे पुरावेही जुने आहेत. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात ‘सेवा मंदिर’ या संस्थेच्या मदतीने उपकेंद्रांतील परिचारिकांच्या हजेरीसाठी तारीख-वेळ छापणारे यंत्र दिले गेले आणि गैरहजेरीबद्दल वेतनकपातीचा नियम झाला. पहिले काही महिने उपस्थिती चांगलीच वाढली. मग आरोग्य खात्यानेच ‘सूट मिळालेले दिवस’ सढळ हाताने मंजूर करायला सुरुवात केली. यंत्र प्रामाणिकपणे चालूच होते. परंतु सोळा महिन्यांनी यंत्र असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत काही फरक राहिला नाही. पुढे कर्नाटकात ३२२ प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या अभ्यासात बोटांच्या ठशांच्या हजेरीचा प्रयोग झाला. परिचारिका व इतर कर्मचाऱ्यांची उपस्थिती सुधारली, डॉक्टरांची मात्र नाही. डॉक्टर आधीच मिळत नाहीत. मिळालेल्याचा पगार कापून त्याला घालवायचा धोका कोण पत्करणार? यंत्राने सर्वांचे ठसे सारखेच घेतले, पण शिक्षेचा विचार करताना खाते उतरंड विसरले नाही. माझ्या मते खात्याची अडचण खरी होती. परंतु ती भरतीची, वेतनाची आणि ग्रामीण सुविधांची अडचण होती, आणि तिच्यावर ठसे घेऊन उत्तर सापडणार नव्हते.

मग तंत्रज्ञानाने काहीच साधत नाही काय? तसे मुळीच नाही, आणि हे सांगायला शेजारची दोन राज्येही नकोत. एकाच स्वरूपाचे तंत्र दोन ठिकाणी कसे वागले एवढे पाहावे. कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर या तीन अर्थशास्त्रज्ञांनी हे दोन्ही प्रयोग मोजले आहेत. अविभाजित आंध्र प्रदेशात २०१० नंतर रोजगार हमीची मजुरी आणि सामाजिक सुरक्षेची पेन्शने बोटांच्या ठशांवर आधारित स्मार्टकार्डद्वारे गावातच मिळू लागली. पैसे देणारी बहुधा त्याच गावातील बाई असे. पैसे लवकर आणि अधिक खात्रीने मिळू लागले, गळती घटली, आणि योजनेपासून कोणी वंचित झाल्याचे आढळले नाही. लाभार्थींचा कौलही नव्या पद्धतीच्या बाजूने होता. यामागचे एक कारण साधे होते. ठसा जुळला नाही किंवा कार्ड नसले, तरी पैसे हातोहात देण्याची सोय तिथे शिल्लक ठेवली होती.

झारखंडमध्ये रेशन दुकानांत आधारवर आधारित ओळख सक्तीची झाली तेव्हा ही फट बुजवली गेली. सुरुवातीला गळती कमी झाली नाही. ज्यांनी आपले आधार आधी जोडले नव्हते, त्यांना मिळणारा लाभ मात्र दहा टक्क्यांनी घटला. जुलै २०१७ पासून यंत्रातील नोंदींवरून दुकानदाराकडे किती धान्य शिल्लक असायला हवे याचा हिशेब काढून तेवढा पुढचा पुरवठा कमी केला जाऊ लागला. तेव्हा गळती खरोखर घटली. पण त्याबरोबर कार्डधारकांच्या पदरात पडणारे धान्यही घटले, कारण दुकानदाराने आपली तूट गिऱ्हाइकावर ढकलली. त्याच सप्टेंबरात सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. आधारशी न जोडल्यामुळे आमचे रेशनकार्ड रद्द झाले होते आणि पोर उपाशी मेली, असे कुटुंब सांगत होते. प्रशासन हिवतापाचे कारण देत होते. केंद्राच्या अन्न विभागाने ऑक्टोबरमध्ये राज्यांना कळवले, की आधारअभावी कोणाचे धान्य नाकारू नये, अपवाद वेगळा नोंदवून धान्य द्यावे. म्हणजे आंध्रमध्ये जी सोय आरंभापासून होती, ती देशाला लेखी सांगण्यासाठी एवढे सारे घडावे लागले. वरातीमागून घोडे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

माहितीचे तोंड खालच्या दिशेने वळवले तर काय होते, याचीही उदाहरणे या देशात आहेत. आणि त्यांतील पहिल्यात तर संगणकच नव्हता. २ डिसेंबर १९९४ रोजी राजस्थानातील कोट किराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामाचे हजेरीपट व बिले गावासमोर मोठ्याने वाचून दाखवली गेली. कोण कामावर होते आणि कोण नव्हते, हे गावाला ठाऊकच होते. कागदावर काय लिहिले आहे, ते प्रथमच कळले. माहितीच्या अधिकाराची चळवळ तिथून उभी राहिली. रोजगार हमीची कल्पना ज्या महाराष्ट्रात रुजली, तिथल्या मजूर संघटनांनाही हजेरीपट पाहायला मिळावा म्हणून किती खेटे घालावे लागले, हे इथल्या जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. त्यानंतर पाव शतकाने, २०१८ साली, तेलंगणात ‘रयतु बंधू’ योजनेचे धनादेश वाटले जात असताना काही मंडलांतील कृषी अधिकाऱ्यांना एवढेच सांगितले गेले, की धनादेश मिळाला का, हे शेतकऱ्यांना फोन करून विचारले जाणार आहे. छायाचित्र नाही, ठसा नाही. तेवढ्याने त्या मंडलांत वाटप सुधारले, आणि खर्च अगदी किरकोळ आला. अधिकाऱ्याच्या कामाची साक्ष अधिकाऱ्याने चढवलेल्या चित्राऐवजी शेतकऱ्याच्या तोंडून घेतली गेली, फरक तेवढाच.

आता या प्रश्नाला नवी निकड आली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने वीस वर्षे जुन्या रोजगार हमी कायद्याच्या जागी ‘विकसित भारत – गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण)’ हा नवा कायदा मंजूर केला. वर्षाला शंभराऐवजी १२५ दिवसांचे काम, केंद्र-राज्य खर्चाची नवी विभागणी, यांवर पुष्कळ वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. मात्र ज्यावर फारशी चर्चा झाली नाही, ते कारभाराचे कलम माझ्या दृष्टीने तितकेच महत्त्वाचे आहे. विविध पातळ्यांवर बायोमेट्रिक ओळख, मोबाइल व उपग्रहाधारित स्थाननिश्चितीतून कामांवर देखरेख, क्षणोक्षणी अद्ययावत होणारे माहितीफलक, आणि नियोजन, लेखापरीक्षण व गैरव्यवहाराचा धोका ओळखण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर, या साऱ्याला आता कायद्याचेच अधिष्ठान मिळाले आहे. काल जे परिपत्रकाने सक्तीचे होते, ते आता कायद्यात आले. दर आठवड्याला माहिती जनतेसमोर ठेवण्याची तरतूदही त्यात आहे, ही स्वागतार्ह गोष्ट.

कृत्रिम बुद्धिमत्ता एखाद्या हजेरीपटावर ‘संशयास्पद’ असा शिक्का मारील, तेव्हा त्या पटावरील मजुरांचे पैसे तपासणी होईपर्यंत थांबणार का? थांबणार असतील तर विलंबाचे घड्याळ चालू राहणार, की पूर्वीसारखे बंद पडणार? संशय चुकीचा होता हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, आणि किती दिवसांत? छायाचित्र न चढलेल्या दिवसाची हजेरी ग्रामसभेने किंवा चार सहमजुरांनी साक्ष देऊन लावता येईल का? या प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या मजकुरात मिळत नाहीत; ती नियमांत आणि राज्यांच्या योजनांत लिहायची असतात. असे मसुदे बहुधा माहिती तंत्रज्ञानाच्या सल्लागारांच्या संगतीने, राजधान्यांतील सभागृहांत तयार होतात. त्या बैठकीला ज्या मेटचा स्वतःचा फोन आणि स्वतःचा रिचार्ज यांवर ही सारी इमारत उभी राहणार आहे, तिला बोलावण्याची पद्धत अजून पडलेली नाही.